भूत, विनोद आणि नळाचें पाणी



भूत दाखवून माणसास हंसविणें हें दिसतें तितकें सोपें काम नाहीं. भय अधिक झालें तर हंसूं आटतें, आणि हंसूं वाढलें तर भुताचा धाक जातो. मराठींत हा तोल महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटानें साधला. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची. परंतु रामदास पाध्ये यांचा तो बाहुला तात्या विंचू होऊन आला, आणि पोरें त्याला घरचाच समजून भ्यालीं.

आज मला बोलावयाचें आहे तें ‘झोंबिवली’विषयीं. आदित्य सरपोतदार यांचा हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजीं, प्रजासत्ताक दिनाच्या सुटीस, प्रदर्शित झाला. करोनाच्या सांथीमुळें त्या वेळीं महाराष्ट्रांतील चित्रपटगृहांत निम्म्याच आसनांस परवानगी होती. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मानानें खर्च बेताचा. मराठींतील पहिला झोंबीपट म्हणून समीक्षकांनीं त्याच्या धाडसाचें कौतुक केलें, तें योग्यच होतें. पण धाडसाचें कौतुक हें थोडें परीक्षेंत उत्तेजनार्थ दिलेल्या गुणांसारखें असतें. उत्तरपत्रिकेंत काय लिहिलें आहे, हें त्यावरून कळत नाहीं.

एका सुशिक्षित स्नेह्यांनीं मला विचारलें, “भुताच्या गमतींत हें पाण्याचें रडगाणें कशाला?” हा आक्षेप मला मुळींच मान्य नाहीं. कथेंत डोंबिवलीची एक उंच इमारत आहे आणि तिला लागून झोपडवस्ती. सुधीर हा मध्यमवर्गीय अभियंता गर्भवती पत्नीसह त्या इमारतींत राहावयास येतो. अमेय वाघ यांनीं त्याचा भित्रेपणा फार मजेदार वठविला आहे. विश्वास हा वस्तीचा पुढारी. ती भूमिका ललित प्रभाकर यांची. रोगाचें मूळ निघतें तें पाण्यांत. आतां पाणीच काढून टाकलें, तर उरेल काय? रंग फांसलेलीं, झोकांड्या खाणारीं माणसें. तीं परदेशी चित्रपटांत ढिगानें मिळतात.

मी राहतों आंदर मावळांत. आमच्या खोऱ्यांत ठोकरवाडीचें धरण १९२२ सालचें. त्याच्या पाण्यावर घाटाखालीं भिवपुरीस वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. एवढें पाणी डोळ्यांपुढें असतां उन्हाळ्यांत डोईवर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाया मीं पाहिल्या आहेत. म्हणून पडद्यावर एका भिंतीच्या अलीकडे तहान आणि पलीकडे भरलेल्या टांक्या दिसल्या, तेव्हां मला झोंबीपेक्षां त्या भिंतीचेंच भय वाटलें.

दोष आहेत. उत्तरार्धांत पाठलाग आणि हाणामारी यांची इतकी पुनरावृत्ति होते कीं भय बोथट होतें. खलपुरुष तर इतका सरळसोट दुष्ट आहे कीं तो पडद्यावर येतांच प्रेक्षक निश्चिंत होतो.

याच दिग्दर्शकांचा हिंदी ‘मुंज्या’ ७ जून २०२४ रोजीं आला आणि त्यानें शंभर कोटींहून अधिक गल्ला जमविला. मुंज होऊन लग्नाआधीं मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत कोंकणाइतकीच आमच्या मावळांतहि जुनी; त्यामुळें त्याची ओळख करून द्यावी लागली नाहीं. ‘झोंबिवली’ला तशी कांहीं लोककथा हाताशीं नव्हती. तिला परक्या मुलखांतून आलेलें भूत डोंबिवलीच्या नळावर आणून उभें करावयाचें होतें, आणि तें तिनें उभें केलें.