बाळंतिणीचा पगार कोणी द्यायचा?

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे. शैव भाविक ते नीलकंठेश्वराच्या जुन्या देवळामुळे ओळखतात. एरवी ते कावेरीच्या खोऱ्यातले, भातशेतीवर जगणारे गाव आहे. आज त्याचे नाव घेण्याचे कारण असे, की बाळंतपणाची भरपगारी रजा किती असावी आणि तिचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत अशा एका गावात दिसून येते. तिथली एखादी बाई सरकारी शाळेत शिक्षिका असेल तर तिला १२ महिन्यांची पूर्ण पगारी रजा मिळते. तमिळनाडू सरकारने ही रजा २०११ मध्ये ९० दिवसांवरून ६ महिन्यांवर नेली, २०१६ मध्ये ९ महिने केली आणि १ जुलै २०२१ पासून वर्षभराची केली. तिची शेजारीण कुंभकोणमच्या एखाद्या मोठ्या कापडदुकानात कामाला असेल तर तिचा हक्क २६ आठवड्यांचा. आणि तिसरी, जी भाताची लावणी आणि खुरपणी करून रोज मिळवते, तिला रजा नाहीच. तिला मिळते ते डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतले १८,००० रुपयांचे साहाय्य. त्यातले १४,००० रुपये रोख असतात आणि बाकीचे पोषक आहाराच्या रूपाने मिळतात.

देशातल्या इतर राज्यांच्या तुलनेत ही योजना उदार आहे, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवे. केंद्राची मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये देते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मात्र किमान ६,००० रुपयांचा शब्द दिला होता. तरीही तमिळनाडूचे १४,००० रुपये म्हणजे किती दिवसांची मजुरी, याचा हिशेब करून पाहू. २०२५-२६ साली त्या राज्यातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३३६ रुपये होता. त्या दराने ही रक्कम जेमतेम ४२ दिवसांची होते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे. म्हणजे इतके उदार राज्यसुद्धा शेतमजूर बाईला आजीच्या काळातल्या विसाव्याइतकेच पैसे देते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता प्रत्येक आरोग्यसेविका घरोघर सांगते. बाई सातव्या आठवड्यात चिखलात लावणीला उभी राहिली तर ती शिफारस पाळली जाणार कशी? कायद्यातले २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. रजेच्या लांबीचा माझ्या मते हाच आधार आहे. बाळाच्या आणि आईच्या शरीराची गरज सहा महिन्यांची आहे आणि आई शिक्षिका आहे की मजूर, याने ती बदलत नाही.

मग अडते कुठे? अडते ते पैसा कोणी द्यायचा यावर. १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची केली. पण त्या काळातला पगार सर्वस्वी मालकाच्या माथी मारला. याचा परिणाम कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. त्याच कापडदुकानात एकीला महिना २०,००० रुपये पगार आहे आणि दुसरीला २५,००० रुपये. पहिली राज्य कामगार विमा योजनेत येते, कारण त्या योजनेची पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. मालक सगळ्या विमाधारक कामगारांच्या पगारावर, पुरुष असो वा बाई, सव्वातीन टक्के वर्गणी भरतो. कामगार पाऊण टक्का भरतो. पहिली बाळंत झाली की तिचा पगार विमा महामंडळ देते, मालकाला वेगळा भुर्दंड नाही. दुसरी बाळंत झाली की सहा महिन्यांचे दीड लाख रुपये मालकाच्या गल्ल्यातून जातात, शिवाय बदली माणसाचा पगार वेगळा. अशा मालकासमोर उद्या एक लग्न झालेली तरुणी आणि एक तरुण सारख्याच पात्रतेने उभे राहिले, तर तो कोणाला घेईल हे सांगायला नको. त्याला दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. कायद्यानेच बाई नोकरीला ठेवणे महाग केले आहे.

ही शंका जगाला फार आधीच आली होती. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बाळंतपणाचा भत्ता सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा असे ठरवले. त्याच परिषदेच्या २००० सालच्या कराराने तर एकट्या मालकावर हा थेट बोजा सामान्यतः टाकू नये, असे स्पष्ट म्हटले. आपल्याकडेही ही चर्चा जुनी आहे. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक नामंजूर झाले. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात अशा विधेयकावर चर्चा झाली तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालक मोकळा, हे त्यांना मान्य नव्हते, कारण बाईच्या श्रमातून नफा मालकालाच होतो. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला, तो मात्र मालकानेच पैसे देण्याचा. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रे अशी त्याची इतरही कारणे होती आणि सगळा दोष त्या कायद्याला देणे अन्यायाचे होईल. पण बाबासाहेबांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग, सरकारच्या वाट्याचा, आपण जवळपास शंभर वर्षे बाजूला ठेवला आहे, एवढे खरे. २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने वाढीव रजेपैकी ७ आठवड्यांचा पगार मालकांना परत करण्याचा विचार जाहीर केला, त्यात या चुकीची कबुलीच होती. तरी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने विम्याबाहेरच्या बायकांसाठी मालकाने पैसे देण्याचीच रीत कायम ठेवली.

जर्मनीत हाच पेच न्यायालयात गेला. तिथे बाळंतपणाच्या काळातल्या पगाराचा मोठा भाग मालकाला द्यावा लागे आणि त्याची भरपाई फक्त छोट्या उद्योगांना मिळे. २००३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की या रचनेमुळे बायकांना नोकरी देण्यात मालक कुचरतील, म्हणून ती समानतेच्या विरुद्ध आहे. २००६ पासून सगळेच मालक, त्यांच्याकडे बायका असोत वा नसोत, एका सामाईक निधीत वर्गणी भरतात आणि ज्याची कामगार बाळंत होते त्याला भरपाई मिळते. आपल्या कामगार विम्याची रीत हीच आहे. फक्त तिला पगाराची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा निदान प्रसूतिलाभापुरती काढून टाकावी आणि २५,००० काय किंवा लाखभर काय, प्रत्येक पगारावर सगळ्या मालकांकडून थोडी वर्गणी घ्यावी, ही माझी पहिली मागणी आहे.

यावर विचारले जाते, की ज्यांना मूल नाही त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी का भरावे? आज जन्मलेले मूल पंचवीस वर्षांनी जो कर भरेल, जे शेत पिकवेल, ज्या दवाखान्यात काम करेल, त्याचा लाभ निपुत्रिक म्हाताऱ्यालाही होणार आहे. शाळेचा खर्च आपण याच न्यायाने वाटून घेतो. दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. पैसे दिले तर गरीब बायका जास्त मुले जन्माला घालतील, असे अजूनही बोलले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तमिळनाडूचा जननदर १.८ निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. मुत्तुलक्ष्मी रेड्डी योजना १९८७ पासून चालू असलेल्या राज्यात ही भीती साफ निराधार ठरली आहे. त्याच राज्यातल्या एका सरकारी शिक्षिकेला दोन मुलांच्या नियमावर बोट ठेवून रजा नाकारली गेली, तेव्हा मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसूतिरजा हा स्त्रीच्या प्रजननहक्काचा भाग आहे असे सांगितले.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. लांब रजेमुळे बाई कामावरून दूर पडते, तिची बढती मागे राहते, आणि मूल सांभाळणे हे तिचेच काम, असा समज घट्ट होतो. हे मला पटते. म्हणूनच शिक्षिकेला मिळणाऱ्या १२ महिन्यांपैकी सहा महिन्यांनंतरचा काळ वडिलांनाही घेता यावा. स्वीडनने १९७४ मध्येच ही रजा आईबापांची मिळून केली आणि आज ४८० दिवसांपैकी प्रत्येकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. पण पहिल्या सहा महिन्यांच्या बाबतीत हा आक्षेप लागू पडत नाही, आणि शेतमजूर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही. तिची बढती अडत नाही, तिची मजुरी बुडते. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या बाईला एका खाड्याची काय किंमत मोजावी लागते, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्यांनी सगळ्या महाराष्ट्राला कळले.

शेतमजूर बाईला एक ठरलेला मालकच नाही, ती आज या शेतात आणि उद्या त्या शेतात असते, तेव्हा तिच्यासाठी वर्गणी कोण भरणार? इथे सरकारी तिजोरीला पर्याय नाही. शिक्षिकेचे १२ महिने त्याच तिजोरीतून जातात आणि तिजोरीत लावणी करणाऱ्या बाईने तेलावर दिलेला करही असतो. तिला वर्षभर रोज काम मिळत नाही, मग बुडाले किती, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, आठवड्याला तीनच दिवस धरा. २६ आठवड्यांचे ७८ दिवस होतात, आणि ३३६ रुपयांच्या दराने २६,२०८ रुपये. आजच्या १४,००० रुपयांत १२,२०८ रुपयांची भर घातली की तिरुनीलक्कुडीतल्या मजूर बाईला सहा महिने बाळाजवळ राहता येईल. तमिळनाडूने सुरुवात करावी. महाराष्ट्राने तोच हिशेब आपल्या दराने मांडून ऊसतोड मजूर बायकांना हंगाम सुरू होण्याआधी लागू करावा, कारण मुकादमाची उचल एकदा घेतली की गरोदर बाईला मागे राहणे परवडत नाही.