एका गुरुजींची शाळा



आजऱ्याच्या बाजूला बहिरेवाडी नावाचं खेडं आहे. तिथं ५ सप्टेंबर १९०७ रोजी विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म झाला. पुढं देशानं त्यांना जे. पी. नाईक या नावानं ओळखलं. गणितात ते हुशार. मनात आणतं तर चांगली नोकरी मिळती. पण १९३० च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तिथं शाळा, साफसफाई, औषधपाणी अशी सगळीच कामं त्यांनी अंगावर घेतली. खरंच आहे, पोर तापानं कुडकुडत असेल, तर पाटीवर अक्षर कसं उमटायचं?

स्वातंत्र्यानंतर भुदरगड तालुक्यात, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहिलं, त्यातही त्यांचा मोठा वाटा. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव घेतलेली ही संस्था खेड्यासाठी खेड्यातच निघाली.

नाईकांनी एकशिक्षकी शाळेवर पुस्तक लिहिलं आहे. एक खोली, चार इयत्ता, गुरुजी एकटे! दोन वर्गांना लेखन द्यायचं, तेवढ्यात तिसऱ्याला तोंडी शिकवायचं, आणि मोठ्या मुलानं धाकट्यांचे पाढे घ्यायचे. अशा शाळेला पुष्कळजण नाकं मुरडतात. पण वाडीवस्तीवर शिक्षण न्यायचं तर दुसरी वाट कोणती? १९६४ ते १९६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. पोटासाठी राबणाऱ्या मुलांना अर्धवेळ शिकता यावं, हा त्यांचा आग्रह होता. गुरं राखणारं पोर अकराच्या घंटेला येणार नाही, हे खेडं पाहिलेल्या माणसालाच कळतं.

३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले. पण प्रश्न संपलेला नाही. २०२३ साली, पट वीसच्या आत असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात, असा विचार राज्यात पुढं आला. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, सोबती जास्त, हे खरं. पण आषाढात ओढा भरून वाहतो, तेव्हा गाडी न आल्यास शाळा कुणाची सुटेल? आधी मुलीची, घरात धाकटं भावंड सांभाळायला ती असतेच!

म्हणून पट मोजताना वाटही मोजावी. नाईक वाडीवर राहून शिकले ते हेच.