मोतीबिंदू आणि उतारवयातील दृष्टिरक्षण



सायंकाळची आरती आटोपून एखादे वयोवृद्ध गृहस्थ सभामंडपातून बाहेर पडतात. समईच्या ज्योतीभोवती अलीकडे त्यांना प्रभेचे कडे दिसू लागलेले असते. पायरी उतरताना पाऊल चाचपडते. घरी आल्यावर पोथी उघडतात आणि दोन ओव्या वाचून मिटतात. सुनेने विचारले तर "आता वय झाले" एवढेच उत्तर. त्या उत्तराने घरातील सर्वांचे समाधान होते आणि तेथेच चूक घडते. कारण त्या 'वया'आड पुष्कळदा मोतीबिंदू दडलेला असतो, आणि मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी बहुतांशी परत मिळविता येते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढणारा पडदा नव्हे. बाहुलीच्या मागे निसर्गाने एक पारदर्शक भिंग बसविले आहे. वयोमानाने ते गढूळ होते, यालाच मोतीबिंदू म्हणतात. तो सहसा दुखत नाही, डोळा लाल करीत नाही. म्हणूनच लवकर लक्षात येत नाही. खुणा मात्र ठरलेल्या आहेत: धुक्यातून पाहिल्यासारखे अंधूक दिसणे, समोरून येणाऱ्या मोटारीच्या प्रकाशाने डोळे दिपणे, रंग फिके व पिवळसर भासणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे. एक खूण तर फसवी आहे. चष्म्यावाचून अक्षर न लागणाऱ्या वृद्धास एकाएकी जवळचे वाचता येऊ लागते. घरात आनंद होतो. प्रत्यक्षात आतील भिंग घट्ट होऊन त्याची शक्ती बदललेली असते. अशा वेळी पेढे वाटण्यापूर्वी नेत्रवैद्यांकडे जावे.

"मोतीबिंदू पिकू द्या, मग काढा," हा सल्ला अजूनही कानी पडतो. एके काळी तो रास्त होता. भिंग काढल्यावर जाड काचांचा चष्मा कपाळी येई, म्हणून जमेल तितके थांबणेच शहाणपणाचे ठरे. परंतु 1949 साली लंडन येथे डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या विमानाच्या प्लॅस्टिकच्या कपच्या डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढून नवे बसविता येते व बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात. म्हणून वाचन, स्वयंपाक, चालणे यांत अडथळा येऊ लागला, की तीच योग्य वेळ समजावी. अति पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते. क्वचित त्याने डोळ्यातील दाबही वाढतो.

बोरगावच्या परिसराला ही विद्या अपरिचित नाही. जवळच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन इस्पितळ उभारले. विजापूरकडील बीळगीचे डॉ. एम. सी. मोदी (1916–2005) यांनी गावोगाव नेत्रशिबिरे भरवून गोरगरिबांना दृष्टी दिली. 1968 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1976 मध्ये केंद्र शासनाने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला. सोय झाली, उणीव राहते ती वेळीच उठून जाण्याची.

कोणत्याही थेंबांनी वा अंजनाने मोतीबिंदू विरघळत नाही, हे पक्के ध्यानी ठेवावे. निपाणी-बोरगावचा मुलूख तंबाखूवर पोसला, तथापि धूम्रपानाने हेच भिंग लवकर गढूळ होते. मधुमेह आटोक्यात ठेवावा आणि त्या रुग्णांनी दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. स्टेरॉईडचे थेंब वैद्यांच्या सल्ल्यावाचून घालू नयेत. शेतात उन्हातान्हात वावरताना डोक्यावर टोपी वा पदर असावा. महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचून पाहावी. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो.

चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि मोतीबिंदूची वाट पाहत बसलेल्या घरात काचबिंदू निमूटपणे आपले काम उरकतो. डोळा लाल होऊन तीव्र वेदना व उलटी झाली, अथवा दृष्टी अकस्मात गेली, तर एक रात्रही थांबू नये.

उत्सवाला पाहुणे येतील, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: "समई कशी दिसते?" उत्तरात प्रभेचे कडे आले, तर वयाला दोष न देता त्यांचा हात धरून त्यांना नेत्रवैद्यांकडे न्यावे. मिटून ठेवलेली पोथी पुन्हा उघडली जाणे, हीदेखील देवाची सेवाच आहे.