नक्कल आणि अंतर



एका मोठ्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीने उभे केलेले अनेक संगणक नांदत असतात; त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. इस्पितळातल्या नोंदी, बँकेतली खाती आज अशा यंत्रांवर असतात. एका गावची इमारत पाण्याखाली गेली, तर दुसऱ्या गावी तेच यंत्र तयार असावे, म्हणून त्याची नक्कल सतत धाडावी लागते. ती वेळेवर पोचणे कशावर अवलंबून असते, एवढेच आम्ही आज पाहणार आहोत.

पहिली गोष्ट बदलाची. पूर्ण प्रत एकदा गेली की पुढे बदललेले भागच जातात. तार सेकंदाला १०० मेगाबिटांची असेल, तर तासाला फार तर ४५ गिगाबाइट जातील. तासात ६० गिगाबाइट बदलले, की १५ची थकबाकी राहिली! ती दर तासाला वाढतच जाणार. मजकूर दाबून लहान करता येतो. पण आधीच दाबलेली चित्रे आणखी दबत नाहीत. १० टेराबाइटांच्या पहिल्या प्रतीला तर याच तारेवर नऊ दिवसांहून अधिक लागतील. त्यापेक्षा तबकड्या मोटारीत घालून नेलेल्या बऱ्या.

दुसरी गोष्ट अंतराची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तेव्हा १,००० किलोमीटरांवर जाऊन परत येण्यास किमान १० मिलिसेकंद हवेतच. तार रुंद केल्याने हा काळ घटत नाही. पलीकडून पोच आल्याखेरीज नोंद पक्की मानायची नाही, असा नियम केला, तर एकामागून एक होणाऱ्या नोंदी सेकंदाला शंभरावर जात नाहीत. म्हणून तो नियम जवळच्या गावापुरता. दूरच्या गावी नक्कल थोडी मागे राहणार, हे पत्करावे लागते.

तिसरी गोष्ट दोन्ही टोकांची. इकडची तबकडी वाचण्यात मंद, किंवा तिकडची लिहिण्यात मंद, तर मधली तार रिकामीच राहते.

आणि नकलेचा दुवा मुळावरही उठू शकतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. दूरसंचार दुव्यांतील बिघाड हे त्याचे मूळ होते. आपत्तीसाठी जोडलेली तारच आपत्ती आणू शकते, हा त्यातला धडा.

तेव्हा श्रोतेहो, तार किती रुंद घ्यावी, हा पहिला प्रश्नच नव्हे. किती मिनिटांच्या नोंदी गमावणे आपल्याला परवडेल, हा पहिला प्रश्न आहे. रुग्णाला दिलेल्या औषधाची नोंद त्याच पाच मिनिटांतली असू शकते. म्हणून याचे उत्तर केवळ तंत्रज्ञाने देऊन भागणार नाही. ते संस्थेच्या चालकांनीच द्यावयास हवे. आणि नक्कल वर्षातून एकदा तरी खरोखर चालवून पाहावी. न उघडलेल्या पेटीवर विसंबून राहणे बरे नव्हे.