ताईंची शाळा



आरोंद्याला किरणपाणीची खाडी ओलांडली की लागतं गोव्याचं पेडणे. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला पणजी कधी परकी वाटली नाही. सोयरीक तिथे, नोकरी तिथे. म्हणून आज शशिकलाताई काकोडकरांविषयी बोलणार आहे.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ला गेले आणि लगेच त्यांची लेक मुख्यमंत्री झाली. याला घराणेशाही म्हणायची तर खुशाल म्हणा, मीही म्हणतो. ताई १९६७पासून विधानसभेत होत्या, वडिलांच्या मंत्रिमंडळातही होत्या, तरी ती खुर्ची भाऊंच्या लेकीला मिळाली यात शंका नाही. पण त्यांच्याजवळचं सगळंच काही वडिलोपार्जित नव्हतं.

ताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५चा. राज्य पोर्तुगिजांचं, सरकारदरबारी भाषा पोर्तुगीज. भाऊंनी मुलीला घातलं ते पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या मराठी शाळेत. ही शाळा कशी चालली? घरोघरी बाया स्वयंपाकाचे तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवायच्या, ते तांदूळ गोळा व्हायचे आणि त्यातून शाळेचा खर्च भागायचा. सरकारने आपली भाषा शिकवली नाही तर लोक पदरमोड करून शिकवतात, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नसणार.

पुढे पीपल्स हायस्कूल. १९४६ साली समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सत्याग्रहाची ठिणगी टाकली. त्या दिवसांत 'जय हिंद'च्या घोषणा देणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडलं, त्यांत अकरा वर्षांची शशिकलाही होती.

कॉलेजसाठी मात्र गोवा सोडावा लागला. कला शाखेचं कॉलेज गोव्यात निघालं ते पोर्तुगिजांपासून मुक्ती मिळाल्यावर, १९६२मध्ये. मॅट्रिक झालेल्या मुलांनी बेळगाव, धारवाड, नाहीतर मुंबई गाठायची. ताई धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून पदवीधर झाल्या, मग मुंबई विद्यापीठातून एम.ए. खाणमालकाची मुलगी, परवडत होतं. ज्यांना परवडत नव्हतं त्यांचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबायचं.

मुक्तीनंतर भाऊंनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. शिकवायला आपल्याकडचे कितीतरी मास्तर खाडीपलीकडे गेले. भाऊंनंतर आलेलं ताईंचं सरकार १९७९मध्ये पडलं. त्यांच्या राजकारणाचे पुढचे चढउतार मी सांगत बसत नाही.

१९९०चा निर्णय मात्र सांगायला हवा. ताई तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर शिकवणं मातृभाषेतून, मराठीतून किंवा कोकणीतून, असं त्यांनी ठरवलं. चर्चच्या कितीतरी शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. भाऊंचा सगळा भर मराठीवर. लेकीने कोकणीलाही तोच मान दिला. इथे ती वडिलांच्या सावलीतून बाहेर पडली, असं मला वाटतं. टीका झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती: स्वतः इंग्रजीतून एम.ए. व्हायचं आणि गरिबाच्या पोराला इंग्रजी शाळा नाकारायची? यावर ताईंच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांचीही पहिली चार बुकं मराठीतच झाली होती.

२०११मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं, तेव्हा त्याविरुद्धच्या भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात ताई आघाडीवर होत्या. वय शहात्तर, हातात ना सत्ता ना पद.