आधी नमुना, मग गोळी



‘कल्चर’ म्हणजे संस्कृती आणि ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे संवेदनशील, असं आम्ही बी.ए.ला शिकलो. मी कवी माणूस. आमची निम्मी संमेलनं या दोन शब्दांवर पार पडतात. पण हेच दोन शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही जोडीनं येतात: ‘युरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’. आपण ती चिठ्ठी खिशात घालतो आणि हळूच विचारतो, “डॉक्टर, हे केलंच पाहिजे का? नुसत्या गोळ्या देऊन नाही भागणार?” आज या प्रश्नाविषयी थोडं बोलू या.

इथे कल्चर म्हणजे जंतूंना खाऊपिऊ घालून वाढवणं. लघवी, पू किंवा रक्ताचा नमुना बशीतल्या खळीसारख्या थरावर पसरतात. हा थर ज्या अगरचा असतो, ते समुद्री शेवाळापासून बनतं. आपल्याकडे गोडाच्या पदार्थात घालतात ते चायना ग्रास हेच. प्रयोगशाळेत ते आलं 1881 साली, फॅनी हेसे या गृहिणीच्या सुचवण्यावरून. उन्हाळ्यातही जेली वितळू नये म्हणून ती ते स्वयंपाकात वापरत असे.

जंतू वाढले की ते नव्या बशीभर सारवतात आणि वर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतात. एकेका टिकलीत एकेक औषध, मोजून भरलेलं. बशी रात्रभर उबेत ठेवली की सकाळी जंतूंची साय धरलेली दिसते. मात्र काही टिकल्यांभोवती, चंद्राला खळं पडावं तशी, स्वच्छ गोल जागा राहते. तिथे जंतू वाढू शकलेला नाही. ते खळं मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडून पाहायचं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली या पद्धतीला शिस्त लावली. रिपोर्टात औषधापुढे ‘एस’ असेल तर ते चालेल, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देणार नाही. सगळ्यात मोठं खळं ते सगळ्यात चांगलं औषध, असं मात्र नसतं. प्रत्येक औषधाचं माप वेगळं असतं, म्हणून निवड डॉक्टरांवरच सोडावी.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशाला? आपल्या कळवणच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की साधं तण मरतं, चिवट तण उरतं आणि पुढे तेच रान व्यापतं. जंतूंचंही तसंच आहे. लागू न पडणारं औषध घेतलं किंवा चालणारं औषध वाटेल तसं घेतलं, की चिवट जंतू तेवढे शिल्लक राहतात. आणि ही गोष्ट फक्त दवाखान्यात घडत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आपल्या भागात स्ट्रेप्टोसायक्लिनची पावडर फवारली गेली. तिच्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे 1943 साली सापडलेलं औषध. माणसाच्या क्षयावर परिणामकारक ठरलेलं ते पहिलं प्रतिजैविक.

क्षयाचा विषय निघाला म्हणून मुंबईचं उदाहरण सांगतो. 2011 च्या डिसेंबरात हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांतल्या तिघांनी एकामागून एक खासगी डॉक्टर गाठले होते. औषधं एकेक करून वाढवली गेली होती, मात्राही पुष्कळदा चुकीच्या होत्या. ‘संपूर्ण औषधप्रतिरोधक’ या शब्दावरून पुढे बराच वाद झाला. सरकारला तो शब्द मान्य नव्हता. शब्दांचे वाद आम्हा कवींना नवे नाहीत, पण त्या चौघांच्या छातीतला जंतू वादाच्या निकालासाठी थांबणारा नव्हता.

लघवीतला नेहमीचा जंतू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात. म्हणून त्याच्या कल्चरचा निकाल यायला आठवडे जातात. आता सीबीनॅटसारख्या यंत्रावर थुंकीचा नमुना लावला, तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, ते दोनेक तासांत कळतं. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन तिची चौकशी करा.

अडचणी मला दिसतात. पाड्यावरून आलेल्या माणसाचा रोज बुडालेला असतो. तपासणीचे पैसे वेगळे, नमुना मोठ्या गावी पाठवायचा, रिपोर्टाला दोन-तीन दिवस. त्याला उद्या पुन्हा कांद्याच्या कामावर जायचं असतं. त्यानं ‘एक सुई द्या आणि मोकळं करा’ म्हटलं तर त्याला बोल लावता येत नाही. आणि साध्या सर्दी-पडशाला ही तपासणी लागतही नाही. ते दुखणं बहुधा विषाणूंचं असतं, तिथे प्रतिजैविकाचं कामच नाही.

पण लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल, जखम चिघळत असेल, ताप उतरत नसेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा, “गोळी सुरू करण्याआधी नमुना घ्यायचा का?” ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढेलच असं नाही, मग रिपोर्ट कोरा येतो. दुखणं गंभीर असेल तर डॉक्टर रिपोर्टासाठी थांबणार नाहीत, थांबूही नये. नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे बदलतील.

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की दवा आणि दुआ दोन्ही एकदमच सुरू होतात. दुआ कुणाचीही चालते. दवा मात्र शेजाऱ्याची चालत नाही. त्याचा जंतू वेगळा, तुमचा वेगळा. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि तो रिपोर्टाचा कागद फेकू नका, सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. पुढच्या दुखण्यात डॉक्टर आधी तोच मागतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)