केसाळ कुत्र्याची निगा



घरांत केसाळ कुत्रा पाळण्याची हौस अनेकांना असते. परंतु त्या हौसेबरोबर एक नित्यकर्मही घरांत येतें, याची आठवण थोड्यांनाच राहते. मग एखाद्या दिवशीं कानाला हात लावतांच तो गुरगुरतो, आणि "कुत्रा बिथरला" असें म्हणून त्याची रवानगी अंगणांत होते. पुष्कळदां तो बिथरलेला नसतो. त्याला वेदना होत असतात. मुक्या प्राण्यावर असा अन्याय होऊं नये, एवढ्याचसाठीं हें भाषण.

आपल्या दख्खनमध्यें पश्मी नांवाचे शिकारी कुत्रे आहेत. त्यांचें अंग तुळतुळीत. पण कान, पाय व शेपूट यांवर रेशमासारखे लांब केस असतात. विलायती स्पॅनियलचे कान तर लोंबते आणि केसांनीं भरलेले. बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं असलेल्या मोताळ्यासारख्या गांवीं असा कुत्रा पावसाळा सरल्यावर माळावरून फिरून आला, कीं त्याच्या केसांत कुसळें भरलेलीं दिसतात. कुसळाच्या टोकाची ठेवणच अशी, कीं तें पुढें सरकतें, मागें येत नाहीं. केसांतून तें कातड्यांत शिरतें, कानांतून पडद्यापर्यंत जातें.

जटा कां होतात? गळालेले केस खालीं न पडतां उरलेल्या केसांत अडकतात. कानामागें, काखेंत, मांड्यांत घर्षण होऊन त्यांचा गुंता बनतो. लोकर भिजवून व मळून न विणतां बुरणूस करतात, हें आपणांस ठाऊकच आहे. गुंता न सोडवतां कुत्र्याला न्हाऊं घातलें, तर त्याच्या अंगावर तोच प्रकार घडतो. म्हणून आधीं विंचरावें, मग न्हाऊं घालावें. गुंत्यावर थोडें अरारूट भुरभुरून तो बोटांनीं सैल करावा. केस मुळाशीं डाव्या हातानें धरावे, म्हणजे कातडें ओढलें जात नाहीं. आणि फणी टोकाकडून मुळाकडे सावकाश न्यावी. कात्री मात्र जपून वापरावी. जटेबरोबर कातडेंही वर ओढलेलें असतें, तें दिसत नाहीं आणि कापलें जातें. जटा व कातडें यांमध्यें फणी सरकवून फणीच्या वरच कापावें. फणी सरकत नसेल, तर तें काम पशुवैद्याचें समजावें. उन्हाळा आला म्हणून अंग सरसकट भादरूं नये. केस उन्हापासूनही राखण करतात.

आतां कान. कुत्र्याच्या कानाची नळी आधीं खालीं उतरते आणि मग आंत वळते. त्यामुळें शिरलेलें पाणी सहज बाहेर येत नाहीं, आणि लोंबत्या कानांत वाराही खेळत नाहीं. काडीला कापूस गुंडाळून आंत घातल्यास मळ अधिकच खोल जातो. बोटाला ओलसर कापूस गुंडाळून दिसेल तेवढाच भाग पुसावा, आणि स्नानानंतर कान कोरडा करावा. घरगुती तेलें, रॉकेल वा दुसऱ्याचें औषध कानांत ओतूं नये. पडदा फाटलेला असल्यास श्रवणशक्तीच जाण्याचा संभव असतो. डोकें झटकणें, एकाच बाजूस मान कलती ठेवणें, दुर्गंधी किंवा काळसर स्राव हीं दुखण्याचीं लक्षणें होत. डोकें वारंवार झटकल्यानें कानाच्या पाळींत रक्त सांचून ती फुगते. गोचीड दिसल्यास चिमट्यानें कातड्यालगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये.

मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आज अकोल्यासही या विद्येची संस्था आहे. तेव्हां वऱ्हाडांतील गृहस्थाला जाणत्याचा सल्ला दुर्लभ नाहीं. दुर्लभ आहे तें आपलें रोजचें लक्ष. सायंकाळीं दहा मिनिटें फणी घेऊन बसावें, बोटांच्या बेचक्या व कान पाहावे. ज्या हातानें रोज दुःख दूर होतें, त्या हातावर कुत्रा सहसा गुरगुरत नाहीं.